हौसामावशींची ऐरण

हौसामावशींनी मला ऐरण विकायला पहिल्या दिवशी साफ नकार दिला. नकार देण्याआधी मात्र त्यांनी मला चहा पाजला, घरी कोण कोण असतं ते विचारलं, दुकान कुठं आहे ते विचारलं आणि शेवटी, "पाठ दुकती का?" हेही विचारलं. मी कधीकधी दुखते म्हणालो. तिथंच माझं काम बिघडलं असावं.

माझं कर्जतला चष्म्याचं दुकान आहे. वीसेक वर्षं मी तांदळाच्या कणीएवढे स्क्रू फिरवतोय, काचा पुसतोय आणि लोकांच्या नाकावर चष्मा सरळ बसवतोय. सगळं काम नाजूक. चाळिशी उलटल्यावर मला मोबाइलवर लोहारकामाचे व्हिडिओ बघायचं वेड लागलं. लाल लोखंड, त्यावर पडणारे घाव, बघता बघता पट्टीचं पातं होणं. आपणही एकदा काहीतरी दणकून ठोकून बघावं असं आतून वाटायला लागलं. माझी बायको शुभांगी म्हणाली, "डॉक्टरांनी तुला चालायला जा म्हणून सांगितलंय, लोहार हो म्हणून नाही." पण घरामागं पत्र्याची शेड रिकामी होती, आणि तिथं तिची जुनी शिलाई मशीन सोडून काही नव्हतं, म्हणून तिनं फार ताणलं नाही.

नव्या ऐरणीच्या किमती बघून मी मोबाइल खाली ठेवला. मग कुंभिवलीला हायवेच्या कडेला एका भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे रुळाचा एक तुकडा होता. तो घेऊन जा म्हणाला, पण माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. "असली ऐरण पाहिजे तर कशेळ्याच्या पुढं एका म्हातारीकडे आहे," तो म्हणाला. "पण ती देत नाही. मी तीनदा जाऊन हात हलवत परत आलोय."

असा मी एका बुधवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

मावशी तेव्हा पासष्टीच्या पुढे असतील. अंगानं शेलाट्या, उंचीला बेताच्या, पण खांदे असे रुंद की लुगड्याचा पदर त्यावर नीट बसायचाच नाही, सारखा घसरायचा. आणि आवाज मोठा. आयुष्य घणाच्या आवाजात गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. कानात सांगायची गोष्टसुद्धा त्या अंगणापलीकडच्या माणसाला ऐकू जाईल अशी सांगायच्या.

पडवीत बाभळीच्या जाड ओंडक्यावर ती ऐरण बसवलेली होती. वर गोणपाट. मावशींनी गोणपाट काढलं आणि मी खिशातून माझी सामग्री काढली: एक पोलादी गोळी आणि फूटपट्टी. व्हिडिओत दाखवलं होतं, गोळी वरून सोडायची. जितकी उंच परत उडेल तितकी ऐरण कसाची. मी गोळी सोडली, पट्टी धरून वाकून बघितलं, परत सोडली.

"गोट्या खेळायला येवड्या लांब आलात व्हय?" मावशी म्हणाल्या.

मी त्यांना परीक्षेची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कोनाड्यातून एक लहान हातोडा आणला आणि ऐरणीवर तीन ठिकाणी टिचकी मारावी तसा मारला.

"ऐकलं? ह्या निमुळत्या शिंगाकडं गाती. मधी बोलती. आन् ह्या कोपऱ्याला जरा घसा बसलाय. हितं आमच्या मालकांनी एकदा रागानं थंड लोखंड हाणलं व्हतं. राग सासऱ्यावरचा, आन् मार हिला." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमाला कशाला पायजे?"

"हौस म्हणून," मी म्हणालो.

त्या इतक्या हसल्या की आतून त्यांचा मुलगा संतोष बाहेर आला. "ऐकलंस का रं? नाव माजं हौसा, आन् हौस ह्यास्नी! चाळीस वर्सं घण मारला, पन त्याला हौस म्हनत्यात ह्ये आज कळलं."

संतोष खोपोलीला कारखान्यात कामाला होता. वडील गेल्यापासून ऐरण पडून आहे, पडवीतली जागा अडली आहे, एकदाची काढून टाकू, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्याकडून मला कळलं की माझ्याआधी एक रिसॉर्टवालाही येऊन गेला होता. त्याला ऐरण गेटाशी ठेवून तिच्यावर फुलांची कुंडी ठेवायची होती. मावशी त्याला म्हणाल्या होत्या, "तुमच्या आजीला बसवा गेटाशी आन् तिच्या डोक्यावर ठेवा कुंडी."

"मी शोभेला नाही ठेवणार," मी घाईघाईनं म्हणालो. "खरंच काम करणार आहे."

"मंग मारून दाखवा."

त्यांनी घण माझ्या हातात दिला. पहिला घाव ऐरणीवर पडला. दुसरा तिच्या कडेवर. तिसरा ओंडक्यावर, आणि माझ्या पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर.

"नाय द्यायची," मावशी म्हणाल्या. "पुडल्या बुधवारी या."

मी चार बुधवार गेलो. दर बुधवारी चहा, मग घण, मग "नाय द्यायची". व्हिडिओत जे कधी दिसलं नव्हतं ते मला त्या पडवीत कळलं: घण हातानं मारायचा नसतो, तो नुसता उचलायचा असतो, पडायचं काम तो स्वतः करतो. चौथ्या बुधवारी ओळीनं वीस घाव एकाच जागी पडले. मावशी आत गेल्या, हळदकुंकवाची कुयरी घेऊन आल्या आणि त्यांनी ऐरणीला हळदकुंकू लावलं.

संतोष माझ्या कानाशी पुटपुटला, "साहेब, माझं लग्नसुद्धा आईनं एवढी चौकशी करून नाही ठरवलं."

किंमत त्यांनी भंगारवाल्याच्या बोलीइतकीच सांगितली. अट मात्र मोठी होती. ऐरण आठ दिवसांच्या वर थंड ठेवायची नाही. "आन् मी बगायला येनार," त्या म्हणाल्या. मला वाटलं, बोलायची पद्धत असते एकेक.

टेंपो आला, ड्रायव्हर धरून चार गडी ऐरण उचलायला लागले आणि कुणाची कंबर, कुणाचं बोट असं सुरू झालं. मावशींनी सगळ्यांना बाजूला केलं. "उचलताय काय? चालवा तिला." एक कोपरा टेकवायचा, दुसरा पुढं सरकवायचा, तान्ह्या पोराला पाऊल टाकायला शिकवावं तशी त्यांनी ऐरण पडवीतून टेंपोच्या फळीपर्यंत चालवत नेली. मागून ओंडकाही उकरून काढायला लावला. "दुसऱ्याच्या गादीवर झोप लागनार नाय तिला." आणि सगळं चढवून झाल्यावर कुणी काही विचारायच्या आत त्या स्वतःच ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. मी मागं ओंडक्यावर बसून कर्जतला आलो.

त्या दिवसापासून जवळजवळ तीन वर्षं, पावसाचे ऐन दिवस सोडले तर, दर बुधवारी दहाच्या सुमाराला हौसामावशी जीपमधून उतरून आमच्याकडे यायच्या. हातात पिशवी, पिशवीत डबा आणि स्वतःची सांडशी. माझी सांडशी त्यांना पसंत नव्हती. "ही पापड भाजायची हाय," म्हणायच्या.

सुरुवातीचे महिने त्या नुसत्या उभ्या राहून बघायच्या आणि बोलायच्या. बोलणं थोडं आणि नेमकं. मी तापलेली पट्टी बाहेर काढून घाबऱ्याघाबऱ्या कसेही घाव घालायला लागलो की म्हणायच्या, "लोखंड तापलंय, तुमी तापू नका." वाकडं झालेलं पातं सरळ करायच्या नादात मी ते दुसऱ्या बाजूला वाकवलं की म्हणायच्या, "आता त्याला ईचारा, तुला नेमकं कुटं जायचंय." एकदा मी काळी पडलेली पट्टी थंड समजून हातात धरली. बोटं चांगलीच भाजली. मावशींनी माझा हात मनगटाला धरून पाण्याच्या बादलीत घातला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "काळं लोखंड लई लबाड रं," त्या म्हणाल्या. "लाल असलं म्हंजी सांगतं तरी. काळं सांगत नाय. नीट बग जा तू." त्या दिवसापासून 'तुमी' संपलं आणि 'तू' सुरू झालं. मला भाजल्याचं काही वाटलं नाही.

शेजारी निवृत्त मुख्याध्यापक राहतात. ठोकाठोकीनं त्यांची झोप मोडायची. एका बुधवारी ते तावातावानं शेडमध्ये आले. मावशींनी त्यांचं सगळं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "गुरुजी, तुमच्या झोपाळ्याची कडी कुरकुरती ना? मला हितं ऐकू येती." गुरुजी म्हणाले, हो, वर्षभर कुरकुरते आहे. "मंग आमी तक्रार केली का?" मावशींनी तासाभरात नवी कडी करून दिली. नंतर गुरुजींची झोप काही सुधारली नाही, पण त्यांच्या घरातल्या विळ्या, अडकित्ते, कुदळी एकेक करून कुंपणावरून यायला लागल्या आणि तक्रार मिटली.

ती कडी करताना मला एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. मावशी हातोडा घेऊन ऐरणीसमोर खाली बसल्या, बसताना क्षणभर थांबल्या आणि एकदा दाराकडे बघितलं. कुणी बघत नाही ना, असं.

जेवताना मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. लोहाराच्या कामात दोन जागा असतात. एक बसायची, एक उभी. बसलेला सांडशीनं लोखंड धरतो आणि लहान हातोड्यानं जागा दाखवतो. उभा असलेला त्या जागेवर घण घालतो. मावशी लग्न होऊन आल्या त्या दुसऱ्या महिन्यापासून उभ्या होत्या.

"मालकांचा हातोडा बोट दाखवायचा, काम माजा घण करायचा. इळा झाला की लोक म्हनायचे, लोहाराचा हात ग्वाड हाय." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मालक मानूस चांगला व्हता. वाईट नाय बोलायची. पन कंदी म्हनला नाय, आज तू बस, मी उबा ऱ्हातो."

नवरा गेल्यानंतरच्या हंगामात वाडीवरच्या बाया इळे घेऊन दारात आल्या होत्या. मावशी भट्टी पेटवून तयार होत्या. बाया म्हणाल्या, लोहार कोण हाय आता? संतोष करतो का? संतोष कारखान्यात जातो म्हटल्यावर बाया माघारी गेल्या आणि बाजारातले तयार इळे घेऊन आल्या.

"तुम्ही सांगितलं नाही, मी करते म्हणून?" शुभांगीनं विचारलं.

"काय सांगायचं? त्या माज्याकडंच बगत व्हत्या की गं. तरी ईचारलं, लोहार कोन हाय."

शुभांगी उठली, शेडमध्ये गेली आणि शिलाई मशीनवरची जुनी उशी आणून ऐरणीसमोर टाकली. "मावशी, पुढच्या बुधवारपासून तुम्ही इथं बसायचं. हा उभा राहील."

तसंच झालं. मावशी बसल्या, मी घण घेतला. त्या हातोड्यानं टिचकी मारायच्या, मी तिथं घाव घालायचो. टिचकी हळू, तर घाव हळू. हातोडा ऐरणीच्या कडेवर दोनदा वाजला की थांबायचं. शाळेत होतो तेव्हाही मी इतकं ऐकलं नव्हतं. मावशींचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असायचा. ओठ घट्ट, भुवया वर आणि मधूनच, काम मनासारखं होत असलं की, एक बारीक "हं" यायचं. त्या "हं"साठी मी कितीही घण मारला असता.

लोखंडाचा रंग त्या फुलाफळांच्या नावानं सांगायच्या. गडद असला की जांभूळ. तापायला लागला की पळस. आणखी तापला की शेंदूर. आणि सोनचाफा झाला की ताबडतोब काढायचं, नाहीतर लोखंड जळतं. "जांभूळ… थांब… पळस… शेंदूर… चाफा, काढ!" ह्यात कधी चूक झाली नाही.

म्हणून ज्या दिवशी चूक झाली त्या दिवशी मी दचकलो. भट्टीतली पट्टी लख्ख पिवळी झालेली मला दिसत होती आणि मावशी म्हणत होत्या, "थांब. आजून पळस बी नाय." मी थांबलो, त्यांच्यापुढे मी कोण? पट्टी फुलबाजीसारखी ठिणग्या उडवायला लागली तेव्हा त्यांनी घाईनं बाहेर ओढली. टोक जळून गेलं होतं. "कोळसा वाईट हाय," त्या म्हणाल्या. पुढच्या बुधवारी परत तसंच. परत कोळसा वाईट.

माझा धंदाच डोळ्यांचा. त्या दिवशी मी त्यांना काहीतरी निमित्त सांगून बंद दुकानात नेलं आणि खुर्चीवर बसवलं. अक्षरओळख नसलेल्यांसाठी एक तक्ता असतो, त्यावरच्या खुणांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. पहिली ओळ दाखवली. दुसरी चाचरत. तिसऱ्या ओळीला म्हणाल्या, "ती तूच वाच. दुकान तुजं हाय."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्यात तर चांगलाच पिकलेला. मी त्यांना सांगितलं, खोपोलीला डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत, अर्ध्या तासाचं काम, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते. मावशी ताडकन उठल्या.

"जलमभर ठिनग्या उडाल्या, एक डोळ्यात गेली नाय. आता आपन होऊन सुरीम्होरं डोळा धरू? जा रं!"

मी खूप समजावलं. संतोषनं समजावलं. शुभांगीनं तिच्या आईचं उदाहरण दिलं. मावशी ढिम्म. उलट, आपल्याला सगळं दिसतं हे सिद्ध करायला त्या समोरच्या भिंतीवरची पाल दाखवायला लागल्या. ती पाल नव्हती, खिळ्याला अडकवलेला चिमटा होता.

शेवटी मी एक वाईट गोष्ट केली. पुढच्या बुधवारी त्या उशीवर बसायला गेल्या तेव्हा मी म्हणालो, "मावशी, आज तुम्ही उभ्या राहा. घण घ्या. रंग मी बघतो."

त्या अर्ध्या वाकल्या होत्या, तशाच थांबल्या. माझ्याकडे बघितलं, मी नीट दिसत होतो की नाही कोण जाणे. मग सरळ झाल्या, पिशवी उचलली, सांडशी आत टाकली आणि जीपच्या थांब्याकडे चालायला लागल्या. मोठ्या आवाजाची ती बाई गप्प राहून गेली. "सत्य सांगायची हीच रीत होती का?" शुभांगी म्हणाली.

पुढच्या बुधवारी मावशी आल्या नाहीत. मी भट्टी पेटवली, विझवली. त्याच्या पुढच्या बुधवारी सकाळी संतोषचा फोन आला.

"साहेब, आम्ही खोपोलीला आहोत. आईचं ऑपरेशन झालं. परवा रात्री जेवता जेवता म्हणाली, रजा टाक. डॉक्टर बोलवतायत, तुम्ही येता का? ती त्यांना सोडत नाहीये."

मी पोचलो तेव्हा मावशी काळा गॉगल लावून बाकावर बसल्या होत्या आणि समोर तरुण डॉक्टर अवघडून उभे होते. ज्या पात्यानं डोळा कापला ते पातं कुठल्या लोखंडाचं, त्याला पाणी कुणी दिलं, आणि एवढं बारीक पातं वाकत कसं नाही, हे मावशींना हवं होतं. डॉक्टरांना माहीत नव्हतं. "हत्यार वापरतुया आन् म्हाईत नाय," मावशी मला म्हणाल्या, डॉक्टरांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात. "पन हात ग्वाड हाय पोराचा."

निघताना त्यांनी माझा दंड धरला, तो जिना उतरेपर्यंत सोडला नाही.

दुसरा डोळाही महिन्याभरात झाला. डॉक्टरांनी आगीपासून लांब राहायला सांगितलेले दिवस त्यांनी संतोषच्या बायकोला वेड लावत काढले आणि मुदत संपल्यानंतरच्या पहिल्याच बुधवारी त्या हजर झाल्या. मी दार उघडलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तुला टक्कल हाय?"

"पाच वर्षं झाली, मावशी."

"आरं द्येवा. मला वाटायचं शेडमदी उजेड चांगला येतो."

मग त्या शेडमध्ये गेल्या. भिंतीवर मी पाच इळे ओळीनं टांगले होते. वर्षभरात मी एकट्यानं केलेले, प्रत्येक त्यांना दाखवून, हातानं चाचपून घेऊन पास झालेला. मावशींनी पहिला काढला, उजेडात धरला. दुसरा काढला. तिसरा काढला.

"ह्ये कुनी केलं?"

"मी. तुम्हीच चांगलं म्हणाला होता."

"मी?" त्यांनी इळा उलटा केला, सुलटा केला. "ह्यानं भात कापलं तर भातच ह्याला कापंल. मला दिसत नवतं, तर तू तरी सांगायचं नाय व्हय?"

पाचांपैकी चार परत भट्टीत गेले. पाचवा त्यांनी पुन्हा खिळ्याला अडकवला. कौतुक केलं नाही, पण परत बघितलंही नाही. मी ते कौतुकच समजलो.

भातकापणी तोंडावर आली होती. संतोषच्या बायकोनं तिकडं वाड्यापाड्यांवर काय सांगितलं होतं माहीत नाही, पण एका बुधवारी आमच्या फाटकाशी जीप थांबली आणि सहा-सात बाया गोणपाटात बांधलेले इळे घेऊन उतरल्या. कुणाचे दाते गेलेले, कुणाची मूठ निसटलेली. पुढची बाई वयस्क होती. ती शेडच्या दारात आली. आत मी घण घेऊन उभा, घामानं निथळत, आणि मावशी उशीवर बसलेल्या. बाईनं माझ्याकडे बघून विचारलं, "लोहार तुमीच का?"

मी तोंड उघडायच्या आत मावशींनी हातोडा ऐरणीच्या कडेवर दोनदा वाजवला. म्हणजे, थांब. मी थांबलो.

"त्यो घणाचा गडी हाय," मावशी म्हणाल्या. "लोहार हितं बसलाय. कंचा इळा आदी करायचा, बोल."

बाई खाली बसली आणि गोणपाट सोडलं.

त्या दिवशी आम्ही चौतीस इळे केले. गुरुजी कुंपणापलीकडून मोजत होते, म्हणून आकडा माहीत आहे. शुभांगीनं तीनदा चहा केला. संध्याकाळी माझे हात कपही उचलत नव्हते आणि मावशी बायांबरोबर जीपमध्ये चढताना मागं वळून ओरडल्या, "पुडल्या बुधवारी जरा जेवून ऱ्हा रं! दम नाय तुज्यात!"

असे दोन हंगाम गेले. तिसऱ्या वर्षी मुरबाडकडं दिलेल्या त्यांच्या मुलीला बाळ झालं आणि मावशी चार महिन्यांसाठी तिकडं जायला निघाल्या. चार महिन्यांचे सहा झाले. फोनवर त्या मला लोखंडाबद्दल कमी आणि नातीबद्दल जास्त सांगायच्या. नात मूठ आवळून घेते, सोडत नाही, ह्याचं त्यांना फार कौतुक होतं. थंडीत एका सकाळी त्या झोपेतून उठल्याच नाहीत. संतोषचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत होतो. तो चष्मा मला बराच वेळ सरळ बसवता आला नाही.

पण मला मावशी आठवतात त्या मुरबाडला निघाल्या त्या दिवशीच्या. मी त्यांना सोडायला कशेळ्याला गेलो होतो. मुरबाडची जीप उभी होती, पण आत मावशींना धरून चारच माणसं, आणि गाडी भरल्याशिवाय ड्रायव्हर हलायला तयार नव्हता. मावशी पाच मिनिटं आत बसल्या. मग पदर खोचून खाली उतरल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून स्वतःच माणसं भरायला लागल्या.

"मुरबाड! मुरबाड! ये ताई, मुरबाड का गं? नाय? मंग कुटं? बसस्टँडवर काय ठिवलंय, चल की! ओ भाऊ, तुमी? पिशवी आना हिकडं!"

दहा मिनिटांत जीप भरली. एका जागेसाठी अडलं होतं. टपरीपाशी एक म्हातारेबुवा चहा पीत उभे होते. मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाबा, चला मुरबाडला."

"मला कुटं जायचंय मुरबाडला?" म्हातारेबुवा म्हणाले. "मी हितलाच हाय."

"आज नाय तर उद्या जाल. कवातरी जायचंच हाय की. चला, सोबत हाय तवर चला."

म्हातारेबुवांनी कप खाली ठेवला, थोडा विचार केला, आणि खरोखरच जाऊन जीपमध्ये बसले. सगळी जीप हसायला लागली. मावशी त्यांच्या शेजारी शिरल्या, खांद्यानं दोघांना सरकवून जागा केली आणि ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. जीप निघाली. वळणापर्यंत मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. त्या म्हातारेबुवांना विचारत होत्या, घरी कोण कोण असतं.